ऑटोट्यून करण्याआधी : घरी बांधलेला ड्रोन कसा ‘लावायचा’

ऑटोट्यून, म्हणजे ड्रोनने हवेतच आपले नियंत्रणाचे आकडे स्वतः लावून घेणं, हे सात-आठ मिनिटांचं काम. मला मात्र पहिल्यांदा तीन रविवार लागले, आणि त्यातले दोन मी तयारी न करता थेट स्विच टाकला म्हणून वाया गेले. तिसऱ्या रविवारी जे केलं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

मी कळव्याला राहतो. ड्रोन ४५० मापाच्या फ्रेमचा, १० इंची प्रॉप (पंखे), चार सेलची लिपो बॅटरी, पिक्सहॉक जातीचा फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू), त्यावर आर्डुपायलट हे सॉफ्टवेअर. सुटे भाग थोडे लॅमिंग्टन रोडवरून आणले, थोडे ऑनलाइन मागवले. तुमची जोडणी साधारण अशीच असेल असं धरून चालतो. फर्मवेअर, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, कॉप्टर ४.५ आहे. त्याहून नवं असेल तर ऑटोट्यूनच्या चाचणीची पायरी त्या आवृत्तीत कशी आहे ते आधी वाचून घ्या. पॅरामीटरची, म्हणजे कंट्रोलरमध्ये भरायच्या आकड्यांची, नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. लॅपटॉपवरच्या मिशन प्लॅनर या प्रोग्रॅमच्या पूर्ण यादीत ती इंग्रजीत, बऱ्याचदा आखडून, शब्दांमध्ये खालची रेघ घालून दिसतील. सुरुवातीची अक्षरं टाइप केली की सापडतात.

नेमकं होतं काय

तबला लावताना वादक काय करतो ते आठवा. पुडीवर बोट मारतो, ऐकतो, हातोडीने गट्टा जरा सरकवतो, पुन्हा बोट मारतो. ऑटोट्यूनही तेच करतं. हवेत स्थिर असलेल्या ड्रोनला एका बाजूला झटकन सुमारे २० अंश कलवतं. ही त्याची टिचकी. मग जायरोकडून, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडून, ‘ऐकतं’ की ड्रोन किती चपळाईने गेला आणि थांबताना किती उसळला. त्यावरून आकडे थोडे बदलतं आणि पुन्हा टिचकी मारतं. आधी रोल (डावीउजवीकडे कलणं), मग पिच (पुढेमागे कलणं), शेवटी यॉ (जागच्या जागी वळणं).

हे आकडे, ज्यांना गेन म्हणतात, ते म्हणजे पी, आय आणि डी. लोकलमध्ये दांडा न धरता उभा राहणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. गाडीने हिसका दिला की तो जितका झुकतो तितक्याच जोराने पाय रोवतो, तो पी. झुकण्याचा वेग ओळखून आधीच अंग आवरतो, तो डी. कळव्याजवळच्या वळणावर गाडी बराच वेळ एका बाजूला कललेली राहते आणि तो हळूहळू अंगाचा भार दुसऱ्या पायावर नेतो, तो आय. पी कमी असेल तर ड्रोन आळसटल्यासारखा वागतो, जास्त असेल तर थरथरतो. डी प्रमाणाबाहेर गेला तर मोटरी तापतात आणि बारीक किरकिर ऐकू येते.

ऑटोट्यून आधी डी वाढवत नेतं. टिचकीनंतरची परतीची उसळी ठरलेल्या मर्यादेपर्यंत आली की डी थांबवून पी ठरवतं आणि शेवटी कोनाचा पी (ड्रोन हव्या त्या कोनाकडे किती जोराने जातो ते ठरवणारा). आय वेगळा शोधला जात नाही. रोल आणि पिचला तो पीइतकाच ठेवला जातो, यॉला पीच्या दहाव्या हिश्श्याइतका. एखादा आकडा चार वेळा बरोबर ठरला की मगच पुढची पायरी.

म्हणजे सगळी मदार ऐकण्यावर. पुडी भिजलेली किंवा वादी सैल असेल तर गट्टे कितीही ठोका, सूर लागत नाही. ड्रोनचं तेच. फ्रेमचा हात लवचत असेल, बॅटरीचा पट्टा ढिला असेल, प्रॉपचा तोल नसेल, तर जायरोला टिचकीचं उत्तर कमी आणि बाकीचा गोंगाटच जास्त ऐकू येतो. मग ऑटोट्यून त्या गोंगाटावरच ‘सूर’ लावतं. दोन रविवार माझं नेमकं हेच झालं.

घरी, टेबलावर

प्रॉप काढून ठेवा. हे वाक्य प्रत्येक मार्गदर्शकात असतं आणि प्रत्येक जण ते वाचून पुढे जातो. टेबलावरचं काम संपेपर्यंत प्रॉप डब्यात, आणि डबा दुसऱ्या खोलीत.

ड्रोनचे हात धरून पिळून बघा. करकर आवाज आला किंवा सांधा हलला तर स्क्रू काढून थ्रेडलॉकचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) एक थेंब टाका आणि पुन्हा घट्ट करा. मोटरच्या खालचे स्क्रूही तपासा. माझ्या ड्रोनच्या एका मोटरचा एक स्क्रू गळून पडला होता आणि उरलेल्या तीनवर ती मोटर निमूटपणे फिरत होती. उडताना काही कळत नव्हतं. लॉगमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या नोंदींच्या फाइलमध्ये, मात्र दिसत होतं.

फ्लाइट कंट्रोलरला कुठलीही ताठ वायर टेकता कामा नये. जीपीएसच्या वायरने कंट्रोलर एका बाजूला ओढून धरणं ही नवख्यांची लाडकी चूक आहे. वायरला थोडं वळण देऊन सैल सोडा. बॅटरीला दोन पट्टे लावा आणि बॅटरीखाली न घसरणारा रबराचा तुकडा ठेवा. हेलकावे खाणारा कॅमेरा, लटकणारी पिशवी, सैल ॲन्टेना असं काहीही ऑटोट्यूनच्या दिवशी ड्रोनवर नको. आणि वजन मध्यावर हवं. दोन बोटांवर उचलून बघा, एका बाजूला झुकला तर बॅटरी सरकवा.

प्रॉप बॅलन्सर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. जड पात्यावर सेलोटेपचा तुकडा, बस्स. कडेला चीर पडलेला प्रॉप चिकटपट्टीने वाचवायला जाऊ नका.

आता आकडे. मिशन प्लॅनरमध्ये सुरुवातीच्या पॅरामीटरचं एक पान असतं. त्यात प्रॉपची लांबी, सेलची संख्या आणि सेलचा प्रकार भरला की बरीचशी मूल्यं ते स्वतःच काढून देतं. ती स्वीकारायच्या आधी वाचून घ्या, म्हणजे काय बदललं ते कळेल :

मॉट बॅट व्होल्ट मॅक्स म्हणजे सेलमागे ४.२, मिन म्हणजे ३.३. चार सेलला १६.८ आणि १३.२. बॅटरी उतरत गेली तरी गेनचा परिणाम सारखा राहावा म्हणून हे. पण त्यासाठी कंट्रोलरला व्होल्टेज खरं दिसायला हवं. मल्टिमीटरने मोजा आणि स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून पाहा. माझ्याकडे पाऊण व्होल्टचा फरक होता.

मॉट थ्रस्ट एक्स्पो १० इंची प्रॉपला ०.६५ च्या आसपास, ५ इंचीला ०.५५. थ्रॉटल (मोटरींना सांगितलेली ताकद) दुप्पट केल्याने जोर दुप्पट होत नाही, हा वाकडेपणा ते सरळ करतं.

आयएनएस जायरो फिल्टर १० इंचीला ४० च्या आसपास, ५ इंचीला ८०, २० इंची किंवा त्याहून मोठ्याला २०. रोल-पिचच्या डीचे आणि टार्गेटचे फिल्टर याच्या निम्मे. मोठा प्रॉप हळू फिरतो, त्यामुळे त्याचा गोंगाट खालच्या पट्टीतला असतो आणि फिल्टरही खाली आणावा लागतो.

एटीसी थ्रॉटल मिक्स मॅन ऑटोट्यूनपुरतं ०.१ करा. नंतर ०.५ करायचं आहे, म्हणून वहीत लिहून ठेवा. वही सांगतो आहे ती गंमत म्हणून नाही. शेतात लॅपटॉपच्या स्क्रीनवर ऊन पडलं की काही दिसत नाही.

शेवटी स्विच. ट्रान्समीटरवरचा (हातातल्या रिमोटवरचा) एखादा मोकळा, दोन स्थितींचा स्विच निवडा. तो सातव्या चॅनेलवर असेल तर आरसी ७ ऑप्शन १७ करा. १७ म्हणजे ऑटोट्यून. स्विच वर-खाली करताना चॅनेलचा आकडा बदलतो का ते पाहा. सगळे ट्रिम (स्टिकची मधली जागा सरकवणारी बटणं) शून्यावर आणा. ट्रिम लागलेली असेल तर स्टिक मधोमध असूनही कंट्रोलरला वाटतं की पायलट काहीतरी सांगतोय, आणि ऑटोट्यून वाट बघत बसतं.

जागा, वेळ आणि परवानगी

ठाणे-नवी मुंबईकराची मोठी अडचण इथे आहे. एका बाजूला मुंबईचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला उलव्याचा, तिथून डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. खाडीपलीकडे तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्र. ऐरोलीला खाडीकाठी मोकळं दिसतं, पण ती खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येते. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं. उपवनला संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. त्यात पोलीस आयुक्तालयांचे ठरावीक मुदतीचे ड्रोनबंदीचे आदेश असतात. ते संपतात, पुन्हा निघतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या बघा.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. माझा ड्रोन बॅटरीसह दीड किलोचा, म्हणजे मायक्रो. हौसेसाठी मायक्रो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी आणि त्यातून मिळणारा यूआयएन (ड्रोनचा ओळख क्रमांक) लागतो. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल झोन दिसतो. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा २०० फूट आहे. ऑटोट्यूनला यातलं काहीच गाठावं लागत नाही, पंधरा-वीस मीटर उंची पुरते. झोन मात्र हिरवाच हवा.

मी मुरबाडच्या बाजूला जातो. कल्याण सोडून रायत्याचा पूल ओलांडला की पुढे शेतं लागतात. भात कापून झालं की नोव्हेंबरअखेरपासून काही खाचरं रिकामी असतात, काहींत वाल पेरलेला असतो. गावात आधी विचारायचं. ज्यांच्या शेतात मी उडवतो त्या काकांनी पहिल्या दिवशी विचारलं, “फवारणीचं का?” नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला, पण शेत दिलं. एवढंच बजावलं, “बांध मोडू नको.”

पहाटे निघा. साडेसहा ते नऊ ही वेळ उत्तम. नंतर जमीन तापते, हवेत गोळे उठू लागतात आणि वारा सुटतो. वाऱ्याने ड्रोन हलला तर ऑटोट्यूनला टिचकीचं उत्तर कुठलं आणि वाऱ्याचा धक्का कुठला ते वेगळं काढावं लागतं. वेळ वाढतो, बॅटरी संपते. गवताचं टोकही हलत नसेल अशी सकाळ निवडा.

उतरवायला दोन फुटांचा प्लायवूडचा तुकडा न्या. ताडपत्री किंवा सतरंजी वाऱ्याच्या झोताने उचलली जाते, आणि खाचरातला पेंढा मोटरमध्ये गुंडाळला जातो, हे मी मोजून दोन वेळा पाहिलंय. घारींकडे लक्ष ठेवा. घार वर घिरट्या घालू लागली की उतरवून चहा प्या, ती कंटाळून जाते. आणि एकटे जाऊ नका. एकाने ड्रोनवर डोळे ठेवायचे, दुसऱ्याने लॅपटॉपवरचे संदेश मोठ्याने वाचायचे. माझा भाऊ हे काम करतो. त्याचे उच्चार भयंकर आहेत, पण आवाज शेतभर पोचतो.

पहिलं उड्डाण ऑटोट्यूनशिवाय

इथे घाई करू नका. लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे.

स्टॅबिलाइझ मोडमध्ये (ड्रोन सरळ राहतो, उंची तुम्ही सांभाळता) जमिनीपासून मीटरभर वर घ्या आणि ऐका. थरथर दिसली किंवा मोटरींचा आवाज कापरा झाला तर लगेच उतरवा आणि रोल-पिचचे पी, आय, डी निम्मे करा. पुन्हा उडवा. थरथर थांबेपर्यंत हेच. ऑटोट्यूनची सुरुवात स्थिर ड्रोनवरच व्हायला हवी. तो आळशी असेल तर चालतं, थरथरणारा नको.

मग ऑल्टहोल्ड मोडमध्ये (उंचीही ड्रोनच धरतो) तीस सेकंद ते मिनिटभर एका जागी ठेवा. या वेळात कंट्रोलर मॉट थ्रस्ट हॉवर, म्हणजे हवेत एका जागी राहायला किती थ्रॉटल लागतो ते, स्वतः शिकतो. उतरवल्यावर आकडा पाहा. ०.२ ते ०.५ च्या मध्ये असेल तर ठीक. त्याहून जास्त म्हणजे ड्रोन त्याच्या मोटरींना जड आहे, आणि ऑटोट्यून त्यावर उपाय नाही.

उतरल्या उतरल्या चारही मोटरींना हात लावा. कोमट असाव्यात. एखादीच चटका देत असेल तर ती वाकडी बसली आहे, तिचा बेअरिंग गेला आहे किंवा प्रॉप तिरका आहे. चारही चटका देत असतील तर डी जास्त आहे.

आता लॉग उघडा. व्हाइबचा (कंपनांचा) आलेख ३० च्या खाली हवा, माझ्या मते १५ च्या खाली असला तर झोप नीट लागते. क्लिपिंग, म्हणजे कंपन सेन्सरच्या मर्यादेबाहेर जाणं, शून्य. एखाद्या अक्षाचा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा वागत असेल तर तो आधी शोधा. त्या गळलेल्या स्क्रूचा पत्ता मला इथेच लागला.

दुसरा भाग नॉच फिल्टरचा. हे वाचून बरेच जण घाबरतात. घाबरू नका, कारण डी नीट बसण्यात अर्धा वाटा याचाच आहे. प्रॉप फिरतात तेव्हा ठरावीक वारंवारतेचा गोंगाट होतो, एक मुख्य आणि त्याच्या पटीतले काही. नॉच तेवढाच भाग कापतो, बाकीचं राहू देतो. आयएनएस लॉग बॅट मास्क १ करून मिनिटभर हॉवर करा. मिशन प्लॅनरच्या एफएफटीमध्ये (कुठल्या वारंवारतेचा गोंगाट किती ते दाखवणाऱ्या आलेखात) उंच सुळका कुठे आहे ते पाहा. समजा ९० हर्ट्झवर आहे. मग आयएनएस एचनॉच चालू करा, मोड १ म्हणजे थ्रॉटलवर आधारित, फ्रीक्वेन्सी ९०, बँडविड्थ त्याच्या निम्मी ४५, आणि रेफरन्सला तुमचा मॉट थ्रस्ट हॉवरचा आकडा. पुन्हा हॉवर, पुन्हा लॉग. सुळका बसलेला दिसायला हवा. बसला नाही तर आकडा चुकला आहे. मोटरचा वेग कळवणारे ईएससी (मोटर चालवणारी सर्किटं) असतील तर थ्रॉटलऐवजी त्या वेगावर चालणारा मोड निवडा, तो जास्त नेमका.

शेवटी ऑल्टहोल्डमध्ये स्टिकने छोटे हेलकावे द्या. आधी ५ अंश, मग १५, मग थोडं आणखी. हातात ड्रोन जड वाटला तरी चालेल. सोडल्यावर तो परत मधोमध येऊन थांबतो का, एवढंच बघा. दोन-तीनदा मागेपुढे झुलत असेल तर अजून ऑटोट्यूनची वेळ आलेली नाही.

आता ऑटोट्यून

पूर्ण भरलेली नवी बॅटरी. कालची अर्धी उरलेली नको. ऑटोट्यून ॲक्सिस (कुठले अक्ष करायचे) या पॅरामीटरमध्ये रोल १, पिच २, यॉ ४. सगळे मिळून ७. पण माझा सल्ला असा की नवख्याने एका बॅटरीत एकच अक्ष करावा. आधी १ ठेवून रोल, उतरवा, बॅटरी बदला, मग २ ठेवून पिच. वेळ जास्त जातो, पण बॅटरीच्या फेलसेफने (बॅटरी उतरली की ड्रोनला आपोआप परत आणणाऱ्या सोयीने) अर्ध्यात खेळ मोडत नाही.

ऑटोट्यून ॲग्र हा आकडा ०.०५ ते ०.१ च्या मध्ये असतो. डी ठरवताना किती उसळी चालेल ते तो सांगतो, ०.१ म्हणजे दहा टक्के. जास्त ठेवला तर ड्रोन तिखट होतो. शर्यतीचा ड्रोन नसेल तर ०.०७५ ने सुरू करा. मोठ्या, लवचिक फ्रेमला ०.०५.

उडवा. ऑल्टहोल्डमध्ये पंधरा-वीस मीटरवर न्या, स्वतःपासून थोडं दूर, पण दिशा स्पष्ट दिसेल इतकं जवळ. स्टिक मधोमध सोडा. स्विच वर करा.

क्षणभर काही होणार नाही. मग ड्रोन एका बाजूला झटकन कलतो आणि सरळ होतो. पुन्हा दुसरीकडे. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो आणि बोटं आपोआप स्टिककडे जातात. आवरा. ही टिचकी आहे. लोइटरमधून (जागाही धरणाऱ्या मोडमधून) सुरू केलं तर तो जागा ढिलेपणाने धरून ठेवतो, ऑल्टहोल्डमधून केलं तर वाऱ्याबरोबर सरकतो. सरकला तर स्टिकने परत आणा. स्टिक हलवताच ऑटोट्यून थांबतं आणि ड्रोन जुन्या गेनवर उडतो. स्टिक सोडली की जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. थ्रॉटलने उंचीही अशीच सांभाळायची. घाईघाईत सतत स्टिक हलवत राहिलात तर काम पुढे सरकणारच नाही.

टिचक्या सुरुवातीला सुस्त असतात, मग धारदार होत जातात. तिखट आवाज, अंगभर थरथर, किंवा सरळ व्हायला नकार, यातलं काही दिसलं तर स्विच खाली. जुने गेन त्याच क्षणी परत येतात. काही बिघडत नाही, सकाळ तेवढी गेली.

अक्ष पूर्ण झाला की लॅपटॉपवर ऑटोट्यून सक्सेस असा संदेश येतो. तेव्हा ड्रोन पुन्हा जुन्या गेनवर असतो. हे कळलं नाही की लोक म्हणतात, ‘ट्यून झाला पण फरकच नाही.’ स्विच एकदा खाली करून परत वर करा. आता नवे गेन लागले. जपून हेलकावे द्या, आधी छोटे. खाली केला की जुने, वर केला की नवे, असं दोन-तीनदा ताडून पाहा. चांगल्या ट्यूनमध्ये फरक हातालाच कळतो. ड्रोन स्टिकला चिकटल्यासारखा वागतो.

उतरवतानाची चूक

दुसऱ्या रविवारचा शेवट इथे झाला होता. गोंगाटावरचा का होईना, ट्यून झाला, मला आवडला, खूश होऊन मी नेहमीच्या सवयीने आरटीएल (आपोआप घरी परत येण्याचा मोड) दाबलं. ड्रोन छान येऊन उतरला, डिसआर्म झाला, म्हणजे मोटरी बंद झाल्या, आणि गेन गेले. सकाळभराचं काम हवेत विरलं.

नियम साधा आहे. गेन तेव्हाच जपले जातात जेव्हा डिसआर्म होताना ड्रोन ऑटोट्यून मोडमध्ये असतो आणि स्विच वर असतो. आरटीएल किंवा लँड मोड लावला की ड्रोन ऑटोट्यूनमधून बाहेर पडतो. म्हणून नवे गेन आवडले असतील तर स्विच वरच ठेवा, मोडच्या स्विचला हात लावू नका, थ्रॉटल हळूहळू खाली घेत स्वतः उतरवा आणि डिसआर्म करा. लॅपटॉपवर सेव्हड गेन्स असा संदेश वाचल्यावरच बॅटरी काढा. आवडले नसतील तर स्विच खाली करून डिसआर्म करा, सगळं पूर्ववत.

बॅटरीच्या फेलसेफने ड्रोनला घरी बोलावलं तरी हेच होतं. पूर्ण भरलेली बॅटरी आणि एका वेळी एक अक्ष हा आग्रह त्यासाठीच.

आकडे वाचणं

उतरल्यावर पॅरामीटर वाचा आणि फाइल जतन करा. नावात तारीख, प्रॉप आणि बॅटरी लिहा. ‘नवीन२_अंतिम’ अशा नावाच्या फायली सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाहीत, त्यात मीही आलो.

रोल आणि पिचच्या आकड्यांत थोडा फरक असणं स्वाभाविक आहे, बॅटरी लांबट असेल तर असायलाच हवा. पण डी अगदी तळाच्या मर्यादेला टेकला असेल तर गोंगाटामुळे ऑटोट्यूनला वर जाताच आलं नाही असं समजा. नॉच आणि स्क्रूकडे परत जा. कोनाचा पी फारच कमी, साधारण ३ च्या आसपास आला तरी तसंच. अशा वेळी ॲग्र वाढवून जबरदस्ती करण्याचा मोह होतो. मी केली होती. ड्रोन हॉवरमध्ये ठीक, पण झपकन खाली आणताना थरथरायचा.

उलट तक्रारही असते : ट्यून उत्तम, पण कॅमेऱ्यातलं चित्र हिसक्यांनी भरलेलं. मग ॲग्र ०.०५ वर आणून पुन्हा करा. किंवा गेन तसेच ठेवून स्टिकचा प्रतिसाद मऊ करणारा एटीसी इनपुट टाइम कॉन्स्टंट थोडा वाढवा. चित्रीकरणासाठी मी दुसरा मार्ग धरतो, कारण वाऱ्यात टिकायला मजबूत गेन लागतातच.

‘फेलिंग टू लेव्हल’ असा संदेश आला तर दोन टिचक्यांच्या मध्ये ड्रोन स्थिर होत नाही. वारा असेल, नाहीतर सुरुवातीचे गेन चुकीचे. त्या दिवशी आवरा.

एटीसी थ्रॉटल मिक्स मॅन परत ०.५. वहीत लिहिलं असेल तर आठवेल.

यानंतर एक पूर्ण बॅटरी साधं उडवा आणि पुन्हा मोटरींना हात लावा. आधी कोमट होत्या आणि आता चटका देत असतील तर डी दहा-वीस टक्के खाली आणा. ट्यून कायमचा नसतो. प्रॉपची कंपनी बदलली, बॅटरी जड झाली, कॅमेरा चढवला, फ्रेमचा हात तुटून नवा बसवला, की टेबलापासून पुन्हा सुरू, फक्त या वेळी तासाभरात होतं. नुसते त्याच मापाचे, त्याच कंपनीचे नवे प्रॉप लावलेत तर बॅलन्स करून एक हॉवर, लॉगमध्ये व्हाइब बघणं आणि मोटरींना हात लावणं पुरतं.